बाबांच्या स्प्लेंडरचा कार्बोरेटर असा गेला

आमची हिरो होंडा स्प्लेंडर २००३ ची. बाबांनी घेतली, ते गेल्यापासून मी चालवतो. २०१८ ला पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा वडाळा आरटीओत तिचं पुन्हा पासिंग केलं, २०२३ ला परत केलं. लोक भंगारात द्या म्हणतात, पण ९७.२ सीसीचं ते इंजिन अजून एका किकमध्ये सुरू होतं. बाबा दर खंडेनवमीला तिचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, स्वतः उघडून साफ करायचे आणि दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घालायचे. मला ते काम कधी शिकावंसं वाटलं नाही. ते शिकलो असतो तर पुढचं घडलं नसतं.

मार्चमध्ये गाडी त्रास द्यायला लागली. सकाळी भांडुपहून निघताना ठीक असायची. एलबीएस मार्गाने विक्रोळी येईपर्यंत इंजिन तापायचं आणि मग सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, खाली यायची नाही. उलट आपोआप चढायची, थोड्या वेळाने एकदम पडायची आणि गाडी बंद. घाटकोपरला पोहोचेपर्यंत चार-पाच वेळा किक मारावी लागे.

कामावरून येताना वाटेत लागतं म्हणून एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसाने दोनदा ॲक्सिलरेटर पिळला आणि म्हणाला, "दादा, कार्बोरेटर गेला. आतली स्लाईड घासली. साफ करून काही उपयोग नाही, पैसे वाया जातील." ॲक्सिलरेटर पिळला की कार्बोरेटरच्या आत वर-खाली होते ती स्लाईड. जुन्या गाडीत ती खरोखरच घासते, हे मी ऐकून होतो, म्हणून विश्वास बसला. पण घासलेली स्लाईड थंड इंजिनातही त्रास देते. माझी गाडी फक्त तापल्यावर बिघडत होती. हा फरक मी त्याला सांगितला होता, त्याने तो ऐकूनच घेतला नाही. तिथेच उठायला हवं होतं.

ओरिजिनल कार्बोरेटर, मजुरीसकट २,८०० रुपये. "उन्हात कशाला थांबता, दोन तासांनी या." दोन तासांनी गेलो तर गाडी तयार होती. जुना कार्बोरेटर मागितला तर म्हणाला की जुना जमा केल्याशिवाय दुकानदार नवा देत नाही. मी मान डोलावली. असा कुठलाही नियम नाही. नवा पार्ट पैसे मोजून मिळतो आणि जुना गाडीच्या मालकाचा असतो. पण चांगल्या जुन्या ओरिजिनल कार्बोरेटरला गिऱ्हाईक असतं, म्हणून तो परत द्यायचा नसतो. बिल मागितलं नाही. पैसे फोनवरून पाठवले, तेही गॅरेजच्या नाही, एका माणसाच्या खात्यावर.

तीन दिवस गाडी छान चालली. चौथ्या दिवशी विक्रोळीच्या त्याच सिग्नलला तोच प्रकार.

परत गेलो. या वेळी त्याने गाडी आत नेली, मला बाकावर बसवून चहा मागवला. दहा मिनिटांनी हाक मारून सायलेन्सर दाखवला. निळसर धुराचा लोट येत होता. "बघा, इंजिन ऑइल खातंय. बोअर-पिस्टन करावंच लागेल, नाहीतर रस्त्यात जाम होईल." बाबांची गाडी रस्त्यात जाम होणार या कल्पनेनेच मी घाबरलो. बोअर-पिस्टन म्हणजे इंजिन उघडून आतला सिलिंडर आणि पिस्टन नवा करणं. ५,२०० रुपये ठरले आणि दोन दिवस गाडी तिथेच राहिली. परत मिळाली तेव्हा धूर नव्हता. इंजिन बाहेरून डिझेलने पुसून चकचकीत केलं होतं. रेस मात्र तापल्यावर तशीच चढत होती. "नवा बोअर आहे, पाचशे किलोमीटर चालवा, सेट होईल," असं त्याने सांगितलं.

शेवटी कांजूरमार्गला बाबांचे एक मित्र राहतात त्यांच्याकडे गेलो. पस्तीस वर्षं दुचाकी दुरुस्त केल्या त्यांनी, आता घरी असतात. त्यांनी काय काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण हे कुणालाही करून पाहता येतं आणि बहुतेक तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

आधी त्यांनी गाडीला हात न लावता विचारलं, "इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस उशिरा उतरते का?" मग मला भांडुपपर्यंत जाऊन यायला लावलं. तापलेली गाडी सुरू ठेवून चोक अर्धा ओढला. चढती-पडती रेस लगेच शांत झाली. चोक ओढला की हवा कमी होते, पेट्रोल जास्त जातं. त्याने बरं वाटत असेल तर मूळ दुखणं एकच, इंजिनाला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळतेय. त्याची कारणं साधारण दोन असतात. स्लो जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तुंबलाय, नाहीतर कार्बोरेटरच्या पुढे कुठून तरी चोरटी हवा शिरतेय.

प्लग काढला. टोक पांढरट होतं. विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं म्हणजे हवा जास्त.

मग फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी घेऊन कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या जोडावर मारलं. काही मेकॅनिक तिथे पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनवर ते कधीही करू देऊ नका, भडका उडेल. पाणी पडताक्षणी रेस खाली आली आणि सुकल्यावर पुन्हा चढली. काका म्हणाले, "सापडलं. दोन बोल्ट खोल."

कार्बोरेटर आणि इनलेट पाईपच्या मध्ये एक काळा इन्सुलेटर असतो, त्याला रबरी ओ-रिंग. आमची ओ-रिंग उष्णतेने बांगडीसारखी कडक आणि चपटी झाली होती. थंड असताना कशीबशी जोड धरून ठेवायची, तापल्यावर सोडायची. ४० रुपयांत नवी मिळाली. काकांनी कार्बोरेटरच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी धरून मधून उजेड येतो का तेही पाहिलं, कारण बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळले की ते तोंड वाकतं आणि रिंग नवी टाकूनही हवा शिरतेच.

पहिले तीन दिवस गाडी बरी का चालली हेही तेव्हाच कळलं. गॅरेजवाल्याने स्क्रू फिरवून मिश्रणात पेट्रोल भरमसाट वाढवलं होतं, त्यामुळे हवेची गळती झाकली गेली. तीन दिवसांत ते सेटिंग हललं. आणि "ओरिजिनल" म्हणून बसवलेला कार्बोरेटर डुप्लिकेट निघाला. ओतीव कामाच्या कडा हाताला खरखरीत लागत होत्या, अक्षरं पुसट होती.

बोअर-पिस्टनचं काय, असं मी विचारलं. काकांनी बॅटरी मारून हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, चार नट दाखवले. बाहेरून इंजिन चकचकीत, पण नटांच्या खाचांत वर्षानुवर्षांचा काळा थर तसाच. हेडखालच्या गॅस्केटची, म्हणजे पॅकिंगची, कडही जुनी, तेलकट. बोअर करायचा तर हेड उतरवावंच लागतं. ते इंजिन कुणी उघडलंच नव्हतं. मग तो धूर? प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं की तसा लोट येतो आणि थोड्या वेळात जळून संपतो. खरंच पिस्टनची रिंग गेली असेल तर धूर रोज येतो आणि डिपस्टिकवर ऑइल सतत उतरत जातं. आमच्या गाडीला दोन बदलांच्या मध्ये कधी ऑइल घालावं लागलेलं नाही. हे मला ठाऊक होतं, पण धूर डोळ्यांसमोर आल्यावर आठवलं नाही.

नटांचे फोटो घेऊन मी आणि काका गॅरेजमध्ये गेलो. "आत्ता आमच्यासमोर हेड खोला," एवढंच काका म्हणाले. अर्ध्या तासाच्या वादावादीनंतर ५,२०० परत मिळाले. कार्बोरेटरबद्दल मात्र "तो भंगारात गेला" यापलीकडे उत्तर नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत जाता येतं, तेही करणार आहे. पण बिल नसल्याने माझ्याकडे फोनवरच्या व्यवहाराची नोंद आणि फोटो एवढंच आहे. गाडी सोडताना कार्बोरेटरचा आणि इंजिनचा एक एक फोटो काढून ठेवला असता तर आज बाजू भक्कम असती. तुम्ही तो काढाच, मेकॅनिकच्या देखत काढा. आणि सुटा झालेला प्रत्येक पार्ट, अगदी तुटकी रिंगसुद्धा, पिशवीत घालून घरी आणा.

डुप्लिकेट कार्बोरेटरवर गाडी चालतेय. ॲव्हरेज पूर्वी पंचावन्नच्या खाली येत नसे, आता पंचेचाळीसही मुश्किलीने. पैशांचं दुःख मी विसरेन. पण बाबा दर खंडेनवमीला साफसफाई झाली की फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, तळाशी, बाहेरून, खिळ्याने ते साल कोरायचे. ०५, ०६, ०७ करत १७ पर्यंत, मधलं ११ नाही, कारण त्या वर्षी ते हॉस्पिटलमध्ये होते. जुना कार्बोरेटर विकत घेताना किंवा तुमच्या गाडीचा उघडताना असे आकडे कुणाला दिसले तर तो आमचा आहे. मागाल ती किंमत देऊन मी तो परत घेईन.