नांदूर मध्यमेश्वरला जाताय? गावातला गाईड घ्याच

नाशिकजवळच्या या पक्षी अभयारण्यात याआधी दोनदा आम्ही आपले आपण जाऊन आलो होतो. पाण्यावर काळे ठिपके दिसले, फोटो काढले, घरी येऊन मोबाईलला विचारलं, तर एकाच पक्ष्याची तीन नावं. या डिसेंबरात पंचवटीतून पहाटे साडेपाचला निघालो. निफाडची थंडी, सातवीतला मुलगा गाडीत ब्लँकेट गुंडाळून. चापडगावला गेटवर गावातलेच एक दादा गाईड म्हणून घेतले.

त्यांची पद्धत मला फार आवडली. नाव शेवटी सांगायचं. आधी म्हणायचे, "चोच बघ, रंग नंतर." स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) एका बदकावर लावून मुलाला विचारलं, "चोचीच्या टोकाला काय दिसतंय?"

"पिवळं."

"आणि कपाळाकडे?"

"लाल ठिपके, दोन!"

"मग नाव काय असेल? हळदी-कुंकू."

पोरगं जे खूष झालं! त्यानंतर काळ्या अंगाचा, पांढऱ्या चोचीचा नि कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी त्याने स्वतःच ओळखला. गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या या बंधाऱ्यात गाळ साचत जाऊन पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, म्हणून इथे पाणपक्ष्यांची एवढी गर्दी, हेही दादांनीच सांगितलं. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे हे.

दहाच्या सुमाराला उन्हाला काठावर साप पडलेला. मी मुलाला मागे ओढलं. दादांनी लांबूनच दाखवलं, "दिवड आहे ताई. डोळ्यापासून खाली उतरणाऱ्या काळ्या तिरक्या रेघा बघा. बिनविषारी, पण डिवचलं तर कडकडून चावते. आणि ओळख पटली नाही, तर कुठल्याच सापाजवळ जायचं नाही."

पुढचा अर्धा तास गवतातले कीटक बघण्यात गेला. पंख पसरून बसतो तो चतुर, बहुतेक वेळा पाठीवर मिटून बसते ती टाचणी.

शहरातल्या एका दुकानातून भाड्याने आणलेल्या दुर्बिणीच्या भिंगात बुरशी निघाली, त्याचा मात्र फार राग आला. घेतानाच उजेडाकडे धरून बघा. दादांनी त्यांची ८ बाय ४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण दिली म्हणून निभावलं.

रविवारी गर्दी असते, जमलं तर मधल्या वारी जा. भडक कपडे नकोत. मुलांना वही-पेन्सिल द्या. आमच्या वहीत १९ पक्षी आहेत, आणि प्रत्येक नावापुढे फक्त चोच काढली आहे.