पाकळीसाठी ओला कागद की दमट ब्रश?

जलरंगात फुलं-पानं रंगवताना एक छटा दुसरीत अलगद मिसळायची असेल, तर दोन पद्धतींतून निवड करावी लागते: कागद आधी ओला करून त्यात रंग सोडायचा, किंवा कोरड्या कागदावर रंग लावून त्याची कड दमट ब्रशने विरवायची. माझं मत आधीच सांगते: पाकळीला पहिली, पानाला दुसरी.

पहिलीत पाकळीचा आकार स्वच्छ पाण्याने भिजवायचा आणि ओल्यातच रंग सोडायचा. देठाजवळ गडद गुलाबी टेकवलात की तो आपोआप कडेकडे फिका होत जातो. हा मऊपणा दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने येत नाही. मात्र वेळ नेमकी साधावी लागते. कागदावर एकसारखी चमक असताना रंग सोडा, पाण्याचं तळं नको. चमक गेली की हात आवरा. त्या अवस्थेत जास्त ओला ब्रश टेकला, तर पाणी आधीचा रंग ढकलतं आणि फुलकोबीसारखे दातेरी डाग उठतात. शेजारची पाकळी ओली असेल तर रंग तिच्यातही शिरतो, म्हणून एकाआड एक पाकळ्या घ्या. वाळल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा सुरुवातीलाच थोडा गडद घ्यावा.

दुसरीत कागद कोरडा आणि ब्रश दोन. एकाने रंग लावायचा, दुसरा धुऊन, फडक्याला टिपून, नुसता दमट ठेवायचा आणि रंगाच्या ओल्या कडेवरून लगेच फिरवायचा. पानाचा अर्धा भाग असा करा: मधल्या शिरेजवळ गडद, बाहेर विरत जाणारा. मग दुसरा अर्धा, मध्ये शिरेची कोरडी रेघ सोडून. जागा लहान असल्याने ताबा राहतो. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

वाळलेल्या थरावर पातळ पारदर्शक थर चढवणं दोन्हींनंतर करता येतं. त्याने रंगाला खोली येते, पण त्या थराची कडही दमट ब्रशने विरवावीच लागते. लाल फूल आणि हिरवं पान ओले असताना एकमेकांना भिडू देऊ नका, तपकिरी चिखल होतो.

कागद शक्यतो 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), कापसाचा घ्या. तो ओल जास्त वेळ धरतो. लाकडी लगद्याच्या कागदावर कडा लवकर पक्क्या होतात. ओल्या ब्रशने रंग उचलून शिरा काढणार असाल तर थॅलो हिरवा (निळसर झाकेचा गडद हिरवा) टाळा, तो कागदात मुरतो. अल्ट्रामरीन निळा आणि पिवळ्याच्या मिश्रणातला हिरवा तुलनेने सहज निघतो.