मॉर्गन प्लस 4: दोघांच्या लांबच्या प्रवासांनंतरचा अनुभव

लांबच्या प्रवासाला मॉर्गन, म्हणजे जुन्या घडणीची ही दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, झेपते का, असं विचारणाऱ्यांना मी हल्ली सरळ सांगते: गाडीला झेपतं, शेजारी बसणाऱ्याला झेपतंय का ते बघा. स्टिअरिंग ज्याच्या हातात असतं त्याला खड्डा आधी दिसतो, अंग आपोआप सावरलेलं असतं, हातपाय कामात असतात. शेजारच्याच्या वाट्याला वारा, आवाज आणि दणके येतात. म्हणून हे मी दोन्ही सीटवरून लिहितेय. आमच्याकडे निम्मा रस्ता मी चालवते, निम्मा नवरा. ही वाटणी ठरली तेव्हापासूनच गाडी खऱ्या अर्थाने आमची झाली.

आमची प्लस 4 आहे 2017 ची, सेकंडहँड घेतलेली. फोर्डचं 2 लिटरचं पेट्रोल इंजिन, 154 अश्वशक्ती, माझदाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स आणि वजन टनाच्या आत. म्हणजे आकड्यांत फार मोठी गाडी नाही, पण हलकी असल्यामुळे तिसऱ्या गिअरमध्ये चढावर जी ओढ लागते ती सुखद आहे. एक गोष्ट आधी स्पष्ट करते. ही जुन्याचा नुसता मुखवटा चढवलेली नवी गाडी नव्हे. तिच्या पोलादी चासीची, म्हणजे खालच्या चौकटीची, मूळ रचना 1936 ची, कंपनीच्या पहिल्या चारचाकीपासून चालत आलेली, आणि ती 2020 पर्यंत वापरात होती. पुढच्या सस्पेन्शनची कल्पना तर 1909 च्या तीनचाकीपासूनची. 2020 नंतरची प्लस फोर वेगळी: ऍल्युमिनियमची चासी, बीएमडब्ल्यूचं इंजिन. खाली लिहिलंय ते जुन्या पोलादी चासीच्या गाडीबद्दलच धरा.

बॉडीच्या आत सांगाडा ऍशच्या लाकडाचा असतो. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो, मॉर्गनचा मॉल्व्हर्नचा कारखाना तिथून तासाभरावर आहे आणि तिकीट काढून आत बघता येतो. मागच्या चाकावरच्या कमानीसाठी लाकडाच्या पातळ फळ्या एकमेकींना चिकटवून साच्यात आवळून ठेवलेल्या तिथे दिसतात. ऍश चिवट असतं, धक्का सोसतं, म्हणूनच हातोड्याच्या दांड्यांना आणि हॉकी स्टिकला ते चालत आलंय. ज्यांना ही गाडी घ्यायची आहे त्यांनी आधी तो सुताराचा विभाग बघावा. नवऱ्याचं मन तिथेच वळलं, माझं आधीच वळलेलं होतं.

आता दणक्यांबद्दल, कारण यावरच सगळं अवलंबून आहे. पुढचं चाक एका उभ्या खांबावर स्प्रिंगसह वर-खाली सरकतं आणि ते सरकणं फार थोडं असतं. मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत. सीट जवळजवळ मागच्या ऍक्सलला टेकलेली, त्यामुळे मागच्या चाकाखाली आलेली प्रत्येक फट कमरेला कळते. गुळगुळीत रस्त्यावर गाडी रुळावरून चालल्यासारखी वळते, पण ठिगळं लावलेल्या रस्त्यावर दोन तासांनी शेजारच्याचं बोलणं कमी होतं. आम्ही दोन उपाय केले. टायरमधली हवा कारखान्याने सांगितलेल्या आकड्यावर काटेकोर ठेवली, कारण जास्त हवेने दणके लगेच वाढतात. दुसरं, दीड तासाला थांबायचंच, कितीही छान चाललेलं असलं तरी. थांबलो की जागा बदलायच्या. दिवसाला साडेतीनशे किलोमीटरच्या वर जायचं नाही असं ठरवल्यापासून संध्याकाळी दोघंही जेवायला आनंदाने बसतो.

आवाजाचं बरेच जण सांगत नाहीत. टप उतरवून ताशी 50 मैलांपर्यंत नेहमीच्या आवाजात बोलता येतं. 70 ला, म्हणजे मोटरवेवर, ओरडावं लागतं, आणि टप लावला तरी कापड फडफडतं. तासन्‌तास हा आवाज कानांना चांगला नाही. फोमचे इअरप्लग घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आम्ही मात्र मोटरवेच शक्य तितका टाळतो. स्कॉटलंडला जाताना एम6 हा मोटरवे सोडून ए68 हा साधा रस्ता घेतला. हा रस्ता नॉर्थम्बरलंडमधून खालीवर होत कार्टर बारला 418 मीटरवर चढतो आणि तिथेच इंग्लंड संपून स्कॉटलंड लागतं. वेळ जास्त लागला, पण वाटेत गप्पा झाल्या, आणि मुलं मोठी झाल्यापासून आम्हा दोघांना सलग इतका वेळ एकमेकांशी बोलायला कुठे मिळतो?

सामानाला डिकी नाही. सीटमागे अरुंद जागा आणि स्पेअर व्हीलवर कॅरिअर, एवढंच. कडक बॅगा विसरा, मऊ पिशव्याच बसतात. त्यातही बाजूच्या सरकत्या खिडक्या काढल्या की त्याही सीटमागेच ठेवाव्या लागतात. म्हणजे ऊन पडलं की सामानाची जागा कमी होते! दोघांना एकेक पिशवी, वॉटरप्रूफ कपडे हाताशी, थर्मास पायाशी. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण दोन दिवस टिकतात आणि मांडीवर सांडत नाहीत. मांडीवर सोलापुरी चादर. हीटर पायांवर चांगला गरम येतो, त्यामुळे टप उघडा ठेवून ऑक्टोबरमध्येही वेल्सच्या डोंगरांत फिरता येतं. मान आणि कान झाकलेले हवेत, बाकी थंडी लागत नाही. गाडीला कापडी टप आहे, तेव्हा मौल्यवान काही आत ठेवून जेवायला जायचं नाही.

टप लावणं हे दोघांचं काम आहे. तो वर ओढायचा, काचेच्या चौकटीवर बसवायचा, मग टिचबटणं. एकट्याने करताना एक बाजू बसली की दुसरी निसटते. दोघं दोन बाजूंना उभे राहिलो की पटकन होतं. मुसळधार पावसात खिडकीच्या सांध्यातून थेंब येतात, अशा रचनेत ते येणारच. मांडीवर एक टॉवेल ठेवा. आतून काचा धुरकट होतात, त्या पुसायचं काम शेजारच्याचं.

या गाडीतून नॉर्थ कोस्ट 500 करावा असं मी मनापासून सांगेन. स्कॉटलंडच्या उत्तरेत इनव्हर्नेसहून सुरू होऊन तिथेच संपणारा हा 516 मैलांचा फेरा. त्यातला ऍपलक्रॉसला नेणारा बेआलाख ना बा हा घाट समुद्रसपाटीपासून 626 मीटरवर जातो, एका गाडीपुरता अरुंद रस्ता, तीव्र वळणं, आणि पायथ्याला पाटी: शिकाऊ चालकांनी, मोठ्या वाहनांनी आणि कॅराव्हॅननी येऊ नये. वरंध घाटात गाडी चालवलेल्याला वळणांची भीती वाटणार नाही, पण मॉर्गनचं बॉनेट लांब आहे. चढ संपतो तिथे समोर फक्त बॉनेट आणि आभाळ दिसतं. अशा वेळी डावीकडे बसलेला माणूस कामाला येतो. दार बुटकं असल्यामुळे त्याला वाकून डांबराची कड दिसते. नवरा हाताने खुणा करतो: पंजा उघडा म्हणजे जागा आहे, मूठ म्हणजे थांब. समोरून गाडी आली की पासिंग प्लेस, म्हणजे वाट द्यायला रस्त्याकडेला रुंद केलेली जागा, आधी त्यालाच दिसते. मागे कोणी अडकलं असेल तर तिथेच थांबून पुढे जाऊ द्यायचं असतं, आणि तिथे गाडी लावून फोटो काढायचे नसतात. फोन उन्हात दिसत नाही, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी संस्थेचा छापील नकाशा पारदर्शक पाकिटात घालून त्याच्या मांडीवर. त्या घाटानंतर शेजारच्या सीटला मी प्रवाशाची सीट म्हणणं सोडलं.

उत्तरेत पेट्रोल पंप लांबलांब आहेत, अर्ध्या टाकीला भरून घ्या. आमच्या गाडीला लिटरला साधारण 14 किलोमीटर मिळतात. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे घाई नसते, पण वारा पडला की मिज नावाच्या बारीक माश्यांचे थवे येतात आणि उघड्या गाडीत थांबलेल्यांना फोडून काढतात. मुक्कामी पोचल्यावर आधी टप, मग पिशव्या.

देखभालीत एकच गोष्ट कटकटीची आणि महत्त्वाची: पुढच्या खांबांना ग्रीस. ते वेळेवर मारलं नाही तर किंगपिन, म्हणजे हेच खांब, झिजतात आणि स्टिअरिंग जड होतं. आम्ही ग्रीस गन घेतलीय, प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी नवरा गाडीखाली आणि मी टॉर्च धरून.

जुनी घेत असाल तर पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून बघा, खेळ जाणवला तर किंगपिनचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. दारं नीट मिटतात का, बिजागऱ्यांजवळचं लाकूड मऊ पडलंय का, टपाची शिवण उसवलीय का, तेही बघा. आणि टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका. किमान तासभर मागा, खराब रस्ता निवडा, अर्धा वेळ टप लावून. त्यातला निम्मा वेळ तुम्ही डाव्या सीटवर बसा.