‘पोट बिघडणं नॉर्मल आहे, ताई’

२३,६३० रुपये. त्यातले ५,८०० कुत्र्याचं खाणं विकणाऱ्या एका भामट्याच्या खिशात गेले आणि १७,८३० ते खाऊन आजारी पडलेल्या आमच्या लॅब्रॅडोरला, बंड्याला, उभं करण्यात. आकडा आधीच सांगून टाकते, कारण ज्याला ही गोष्ट सांगायला घेते तो पहिल्यांदा हसतो. ‘कुत्र्याच्या खाण्यात फसलीस?’ हो, फसले. हसून झालं असेल तर पुढे वाचा. मुलुंड, भांडुप, ठाणे या पट्ट्यात कुत्री पाळणाऱ्यांनी तर नक्कीच वाचा, कारण तो माणूस अजून धंदा करतोय.

‘क्लिअरन्स सेल’, ‘वेअरहाउस रिकामं करायचंय’, ‘इम्पोर्टेड माल, शेवटच्या पंधरा बॅगा’ हा प्रकार तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होता. अनोळखी नंबरवरून असा मेसेज आला की मी थेट ब्लॉक करते. पण हा अनोळखी नव्हता. संध्याकाळी कुत्री फिरवणाऱ्यांचा आमचा जो ग्रुप आहे त्यात तो होता, स्वतःचं बीगल घेऊन यायचा, बंड्याला नावाने हाक मारायचा. आमच्याच सोसायटीतल्या दोघींनी त्याच्याकडून आधी माल घेतला होता. आणि बॅगही डुप्लिकेट नव्हती, हे नीट लक्षात घ्या. स्पेलिंग चुकलेलं, फोटो फिकट, असलं काही नाही. कंपनी खरी, बॅग खरी, आतला मालही कंपनीचाच. फक्त तो मुदत संपलेला होता आणि तारीख नवी होती. डुप्लिकेट ओळखायचे सगळे ठोकताळे इथे निकामी ठरतात.

दहा किलोची बॅग, छापील किंमत ६,८००, मला दिली ४,२५० ला. शिवाय एक किलो चिकन जर्की, म्हणजे सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या, ९५० आणि चघळायच्या हाडांचं पाकीट ६०० ला. कोपऱ्यावरचा दुकानदार ओळखीतही दहा-पंधरा टक्क्यांच्या वर सोडत नाही, मग याने अडीच हजार कसे सोडले, हा प्रश्न मला नवऱ्याने नंतर विचारला. नंतर सगळेच हुशार असतात. लॅब्रॅडोर महिन्याला दहा-अकरा किलो खातो. घरचा हप्ता, क्लासची फी आणि हे गणित ज्याला जमवावं लागतं, त्याने अडीच हजार वाचताहेत म्हटल्यावर काय करायला हवं होतं?

आता ती जागा, जी आठवली की अजून स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

पैसे गेल्याबरोबर त्याचा मेसेज आला: ‘ताई, पहिले आठ-दहा दिवस मोशन लूज होतील, उलटीपण होऊ शकते. घाबरू नका, पोट बिघडणं नॉर्मल आहे. इम्पोर्टेड फॉर्म्युला स्ट्राँग असतो, बॉडीला सेट व्हायला वेळ लागतो. लगेच डॉक्टरकडे धावू नका, ते उगाच फूड बंद करायला लावतात.’

वाचलं आणि मनात म्हटलं, किती काळजीने सांगतोय! त्याला हात जोडल्याची खूणही पाठवली मी. आज तोच मेसेज वाचते तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. माल विकताना कोण आधीच सांगतं की हा खाल्ल्यावर जुलाब होतील? ज्याला पक्कं माहीत आहे की होणारच, तोच. आणि डॉक्टरकडे जाऊ नका, हे सांगायची गरज कुणाला पडते?

पण त्याची चलाखी बघा. यातलं अर्धं खरं आहे. खाणं एकदम बदललं की कुत्र्याचं पोट बिघडतं. म्हणून जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत आठवडाभर, नाजूक पोट असेल तर दहा दिवस घालवायचे असतात: आधी पाव भाग नवीन, मग अर्धा, मग पाऊण. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं आणि तो नेमका याच माहितीच्या आड लपतो. म्हणजे कुत्रा हगला की आपण खाद्यावर नाही, स्वतःवर संशय घेतो. ‘मी घाईने तर बदललं नाही ना?’ तेवढ्यात बॅग अर्धी संपते, आणि उघडलेली अर्धी बॅग कोण परत घेतो?

सासूबाईंनी बॅग उघडल्या दिवशीच सांगितलं होतं, ‘याला खवट वास येतोय गं. जुन्या शेंगदाण्यांचा येतो ना, तसा.’ मी म्हटलं, आई, डॉग फूडला वास येतोच. येतोही! मासळीचं तेल, कोंबडीची चरबी, सगळं असतं त्यात. पण मासळीचा वास वेगळा आणि खवट तेलाचा वेगळा, हे साठ वर्षं डबे हुंगून शेंगदाणे निवडणाऱ्या बाईला कळतं. तिचं नाक चुकत नाही, तेव्हा घरात असं नाक असेल तर प्रत्येक नवी बॅग आधी त्या नाकाखाली धरा.

जर्की आणि हाडं साध्या पारदर्शक पिशव्यांत होती. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, वजनाचा शिक्का नाही. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, निव्वळ वजन, किंमत आणि तक्रारीचा नंबर हवाच, असं २०११ चे वैधमापन म्हणजे वजन-मापांचे नियम सांगतात. ‘लूज पॅकिंग आहे ताई, म्हणून तर स्वस्त.’ लूज खाद्य मुंबईच्या पावसाळ्यात घेऊच नका. दमट हवेत खाद्यातल्या मक्याला बुरशी धरते, त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ते कुत्र्याच्या लिव्हरवर जातं. नुसत्या डोळ्यांना ते दिसेलच असं नाही.

बंड्या नऊ वर्षांचा आहे. आधी शी पातळ झाली, मग चिकट आव. मी मेसेज केला. उत्तर: ‘ट्रान्झिशन आहे ताई, दहीभात द्या.’ दहीभात दिला. मग पिवळी उलटी सुरू झाली. आणि एका रात्री पावणेदोनच्या सुमाराला हॉलमध्ये जी शी केली ती नुसती लाल होती. लाळ गळतेय, पाठ कमानीसारखी वाकलेली, पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग वर. पोट दुखत असलं की कुत्री अशी बसतात, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी समजत होते, आळस देतोय. तुमचा कुत्रा असा बसला तर सकाळची वाट बघू नका. आणि घरातल्या माणसांच्या जुलाबाच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या त्याच्या तोंडात कोंबू नका, आयबुप्रोफेनसारखी गोळी तर कुत्र्याला विषच.

डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या बघितल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, तशीच उभी राहिली. ‘पाणी फार कमी झालंय. खाण्यात काय बदललंत?’ स्वादुपिंडाला सूज आली होती. हिशेब मांडते, कारण तोच कागद घेऊन मी नंतर दारोदार फिरले: रात्रीची तपासणी १,५००, रक्त २,६५०, एक्स-रे १,२००, स्वादुपिंडाची वेगळी टेस्ट २,४००, सलाइन आणि इंजेक्शनं ६,३००, पथ्याच्या खाण्याचे बारा डबे प्रत्येकी ३१५ प्रमाणे ३,७८०.

क्लिनिकमधून आल्यावर मी ती बॅग ओट्यावर आडवी टाकून ट्यूबलाइटखाली बघितली. तारखेवरून ओलं फडकं फिरवलं तर आकडे पुसले गेले आणि माझ्या अंगठ्यावर काळं आलं. कंपनीची छपाई पाण्याने जात नाही, थिनर लागतं. ते याने लावलंच असणार, कारण पुसलेल्या जागेवर प्लास्टिकची चमक गेली होती आणि तिरकं धरलं की खाली जुने आकडे पुसटसे दिसत होते. शिक्का रबराचा, ८ चे दोन्ही गोल शाईने भरलेले. बारा रुपयांचं फडकं. पैसे द्यायच्या आधी ते फिरवा, विकणाऱ्याच्या समोर फिरवा, लाज बाळगू नका. बॅच नंबर मात्र पुसलेला नव्हता. कंपनीला फोन केल्यावर कळलं की त्या बॅचची मुदत सात महिन्यांपूर्वी संपली होती. ‘मॅडम, अधिकृत विक्रेत्याकडूनच घेत चला.’ धन्यवाद. संपलेला माल तुमच्या गोदामातून बाहेर कसा आला, ते कोण सांगणार? त्यावर ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ आणि एक सतरा आकडी नंबर.

त्याला फोटो पाठवले. निळ्या खुणा आल्या, मग त्याचा डीपी गायब झाला. ग्रुपमधूनही बाहेर. अलीकडचे मेसेज त्याने ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला घेतले होते, नशीब स्क्रीनशॉट आधीच काढले होते. तुम्हीही आधी स्क्रीनशॉट काढा, भांडा मग.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘कुत्रा मेला का?’ नाही. ‘मग?’ मग काय साहेब, मरायची वाट बघू? पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, माल मिळाला, तुम्ही तो वापरला, यात फसवणूक कुठे आली, असं ते म्हणाले. पूर्वीचं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, ते मी छापून नेलं होतं. त्यांनी तो कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि चहावाल्याला हाक मारली. ज्या खात्यात पैसे गेले ते भलत्याच बाईच्या नावावर आहे, हे दाखवलं तर ‘बायको असेल’.

तिथून अन्नाचं बघणाऱ्या कार्यालयात. ‘हे माणसांच्या खाण्याचं नाही, आमच्या कक्षेत येत नाही.’ कायद्याने त्यांचं बरोबर आहे. २००६ च्या कायद्यात अन्न म्हणजे माणसाने खायचं ते. मग जनावरांचं बघणाऱ्या कार्यालयात. तिथे गाई-म्हशींची पेंड कळते. ‘कुत्रं दूध देतं का?’ असं विचारून दोघं टाळी देऊन हसले. शेवटी एकाने दया दाखवली: ‘अर्ज ठेवून जा, बघू.’ पोच मागितली तर शिक्का वरच्या साहेबांकडे, आणि साहेब मीटिंगला. कुत्र्या-मांजराच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस ११९६८, २०१९ मध्ये सुधारलेलं. ते पाळणं ऐच्छिक आहे! पण त्याच बॅगेवर १८ टक्के जीएसटी मात्र ऐच्छिक नाही. कर घेताना ती वस्तू सरकारला बरोबर ओळखता येते, ती खाऊन कुत्रा आजारी पडला की ती कुणाच्याच टेबलावरची नसते.

प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या म्हणे. उघडलेल्या बॅगेतला नमुना तुम्हीच घेतलात, तर तो पुरावा म्हणून कोण मानणार, हेही त्यांनीच सांगितलं. आणि डॉक्टर कागदावर एवढंच लिहितात की खाद्य बदलल्याचं सांगण्यात आलं. त्यांनाही दोष देत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यातल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलं गेलं, कुत्र्या-मांजरांच्या किडन्या गेल्या, तेव्हा कारण सापडलं. पण त्याच वर्षापासून तिथे चिकन जर्कीच्या तक्रारी येत गेल्या, हजाराहून जास्त कुत्री दगावल्याचं कळवलं गेलं, आणि एवढ्या तपासण्या करूनही नेमकं कारण हाती लागलं नाही. मुलुंडमधल्या एका बाईच्या बॅगेचं कोण शोधणार?

बंड्या बरा आहे, पण खाणं आता बिनचरबीचं, ट्रीट जवळजवळ बंद. तसंही ट्रीट दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नये, हे आमच्याकडे सासरे बिस्किटाच्या पुड्यासकट विसरलेले असतात.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या पोर्टलवरून अर्जही भरला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे फक्त एक बंद नंबर आणि एका बाईचं यूपीआय नाव. बिल असतं तर पत्ता असता. ‘बिल लागलं तर जीएसटी पडेल, ताई’ असं म्हणणाऱ्याकडून पाच रुपयांचं बिस्कीटही घेऊ नका.

ऐरोलीच्या एका ग्रुपवर परवा त्याच शब्दांतली जाहिरात आली आहे, नंबर नवा. त्याच्या बॅगा अशा ओळखा: वरच्या कडेला कंपनीच्या रुंद सीलखाली घरगुती मशीनची बारीक दुसरी रेघ असते, कारण मोठ्या बॅगा फोडून तो माल पुन्हा भरतो. ज्यांनी घेतलंय त्यांनी खाणं डब्यात ओतून बॅग कचऱ्यात टाकू नका. बॅचचा फोटो काढा, बॅग घडी करून ठेवा आणि मला कळवा. त्या बाईच्या खात्यात पैसे भरलेले आपण चार-पाच जण निघालो, तर पोलीस ठाण्यात ‘बायको असेल’ म्हणायला त्यांना जरा जड जाईल.