इलेक्ट्रिक कार, चौदा महिने, ३१ हजार किलोमीटर: सगळं अडलं ते बारा व्होल्टच्या बॅटरीपाशी

मोठी बॅटरी ८२ टक्के भरलेली होती आणि गाडी उघडत नव्हती.

नोव्हेंबरचा पहिला सोमवार, पहाटे पावणेसहाची वेळ. अप्पांच्या (माझ्या सासऱ्यांच्या) दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी साताऱ्याला तपासणीची वेळ मिळाली होती. कानटोपी घालून, जुने रिपोर्ट पिशवीत घेऊन ते पोर्चमध्ये तयार उभे होते. मी चावीचं बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. चावीतला सेल गेला असेल म्हणून दुसरी चावी आणली, तरी तेच. शेवटी चावीच्या पोटातली लोखंडी किल्ली बाहेर काढून दार उघडलं, तर आतला दिवासुद्धा लागला नाही. स्क्रीन काळी. चार्जिंगची गन लावून पाहिली, तिकडेही हालचाल नाही. अप्पांना मी एसटीनं नेलं.

गाडीचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. जी व्यवस्था बिघडली ती आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांत असते, त्यामुळे एकाच कंपनीवर बोट ठेवून वाचणाऱ्याचा फायदा नाही. चाळीस युनिटची (किलोवॉट-तासांची) एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी, चार मीटरच्या आतली गाडी, इतकं सांगते. २०२४च्या दसऱ्याला घेतली. राहायला कराड, नोकरी साताऱ्यात, ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते. जाऊनयेऊन रोजचे शंभर किलोमीटर.

तर ही बारा व्होल्टची बॅटरी. पेट्रोलच्या गाडीत असते तशीच शिशाची, तेवढीच. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी तीनशे-साडेतीनशे व्होल्टची. गाडी बंद केली की सुरक्षेसाठी ती बाकी गाडीपासून पूर्ण तोडली जाते. तोडायचं आणि जोडायचं काम कॉन्टॅक्टर नावाचे जाडजूड रिले (विजेनं चालणारे स्विच) करतात, आणि त्यांची कॉइल चालते बारा व्होल्टवर. म्हणजे बाराची बॅटरी मेली की साडेतीनशेच्या बॅटरीला जागं करणारं कोणी उरत नाही. दाराचं लॉक, स्क्रीन, सगळे कंट्रोलर, चार्जर सुरू करणारं सर्किट, सगळं तिच्याच जिवावर. गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून हिला भरत राहतो. माझी गाडी नुसती उभी असली की ही एकटी.

पेट्रोलची गाडी आधी सूचना देते. सकाळी स्टार्टर खुर्र खुर्र करतो, दोन दिवसांनी जास्त करतो, आपण ओळखतो की बॅटरी आली बदलायला. स्टार्टरला एका दमात शे-दीडशे अँपिअर लागतात, त्यामुळे बॅटरीचा अशक्तपणा लपत नाही. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टरच नाही. कॉन्टॅक्टर आणि कंट्रोलर जागे करायला थोडेसे अँपिअर पुरतात, ते अर्धमेली बॅटरीही अगदी शेवटच्या दिवसापर्यंत देते. मग एका सकाळी देत नाही. शनिवारी उत्तम, सोमवारी मेलेली. स्क्रीनवर मोठ्या बॅटरीचा टक्का दिसतो, टायरची हवा दिसते, बाहेरचं तापमान दिसतं. या एका बॅटरीचा व्होल्टेज कुठेही दिसत नाही. मला राग आहे तो याचा.

आम्ही दिवाळीत महाराष्ट्र एक्सप्रेसनं माझ्या माहेरी नागपूरला गेलो होतो. गाडी अकरा दिवस उभी होती.

कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन लावला. ट्रक आला दुपारी दोनला. त्या मुलानं बघितलं आणि म्हणाला, मॅडम, उचलूनच न्यावी लागेल. सर्व्हिस सेंटरनं फोनवर सांगितलं की तीन दिवस लागतील, तपासणीसकट ९,८०० रुपये. बारा व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी बारा महिन्यांची, ती तीन आठवड्यांपूर्वी संपली. मोठ्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, तिचं कौतुक शोरूममध्ये अर्धा तास ऐकलं होतं. छोटीला वेगळी आणि इतकी कमी वॉरंटी आहे, हे कोणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, बॅटरी बाहेरून बदलून घेते. तर म्हणाले, बाहेरच्यानं हात लावला तर मोठ्या बॅटरीची वॉरंटी जाईल. हे लेखी द्या म्हटलं. लेखी द्यायला कोणी तयार झालं नाही. तासभर फोनवर गेला, ट्रक रिकामा परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या टोकाला ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानदाराला घेऊन आले. त्यांनी बॉनेट उघडलं, मीटर लावला: ७.४ व्होल्ट. म्हणाले, "बाई, ही तर साधी पस्तीस एएचची बॅटरी. यात इलेक्ट्रिक काय?" शेजाऱ्यांच्या बोलेरोवरून केबल लावली. दहा-बारा सेकंद काही नाही, मग सीटखालून 'ठक्' असा जड आवाज आला. कॉन्टॅक्टर बसल्याचा आवाज. मीटरवर आकडा चढत चढत १४.२ला थांबला, म्हणजे डीसी-डीसी सुरू झाला. स्क्रीन उजळली: ८२ टक्के, २२६ किलोमीटर. जुनी बॅटरी देऊन नवी ४,३०० रुपयांना बसली, पंधरा मिनिटांत. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना कोणी हात लावला नाही, लावायचाही नसतो. आणि हो, आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी सुरू करून द्यायला जाऊ नका. पेट्रोल गाडीचा स्टार्टर ओढतो तेवढ्या करंटसाठी ही बॅटरी आणि कन्व्हर्टर बनवलेले नसतात.

त्या आठवड्यात मी स्टाफरूममध्ये दोघांना सांगितलं, घेऊ नका इलेक्ट्रिक. रागात सांगितलं. मग वही काढली.

पहिल्या दिवसापासून मी एक-एक युनिट लिहिते. चौदा महिन्यांत ३१ हजार किलोमीटर. भिंतीतून घेतलेल्या एका युनिटला सरासरी साडेसहा किलोमीटर पडले. त्यात चार्जिंगमध्ये उष्णता होऊन जाणारा भागही आला, जो गाडीच्या स्क्रीनवरच्या सरासरीत धरलेला नसतो. एकूण सुमारे ४,७७० युनिट. त्यातले ४,२०० घरी, गाडीसाठी घेतलेल्या वेगळ्या मीटरवर, सगळे आकार धरून दहा रुपयांच्या आसपास. उरलेले ५७० हायवेच्या फास्ट चार्जरवर, १८ टक्के जीएसटीसकट सरासरी २२ रुपये. मिळून साडेचोपन्न हजार. किलोमीटरला पावणेदोन रुपये. याच आकाराची पेट्रोल गाडी हायवेला १५चं ॲव्हरेज देते असं धरलं, १०५ रुपये लिटरनं, तर सात रुपये किलोमीटर, म्हणजे २ लाख १७ हजार. पुढचे दोन टायर तीस हजार किलोमीटरमध्येच गेले, कारण गाडी जड आणि पिकअप जोरदार. त्यांचे १५ हजार रुपये वजा. ही बॅटरी ४,३००, तीही वजा. तरी १ लाख ४३ हजार हातात राहिले. घेताना पेट्रोलच्या जोडीदार गाडीपेक्षा सव्वातीन लाख जास्त मोजले होते, त्यातला चव्वेचाळीस टक्के चौदा महिन्यांत परत आला.

हे गणित आज घेणाऱ्याला मात्र असंच्या असं लागू नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर २०१९च्या ऑगस्टपासून ५ टक्के आहे, तो तसाच. दहा लाखांची पेट्रोल गाडी त्यामुळे ऐंशी-पंच्याऐंशी हजारांनी स्वस्त झाली आणि फरक चार लाखांच्या पुढे गेला. किलोमीटरला सव्वापाच रुपये वाचतात असं धरलं तर तो भरून यायला ७८ हजार किलोमीटर लागतील. माझ्यासारखे महिन्याला २,२०० चालवत असाल तर तीन वर्षं. गावातल्या गावात महिन्याला ७०० चालवत असाल तर नऊ वर्षं, आणि तेवढ्यासाठी घेऊ नका. पूर्वी इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखापर्यंत वजावट मिळायची, ती सवलत ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. खाजगी कारला केंद्राचं अनुदान नाही. राज्याच्या २०२५च्या धोरणात टोलमाफी आहे ती अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेस वे आणि समृद्धीवर. माझ्या रस्त्यावरचा तासवडे नाका राष्ट्रीय महामार्गाचा, तिथे टोल भरावा लागतो.

फरक कमी व्हायचा तर बॅटरी स्वस्त व्हायला हवी, आणि ती होते आहे. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जा क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत २०२४मध्ये बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव युनिट क्षमतेमागे ११५ डॉलर होता, वर्षभरात वीस टक्के उतरलेला. माझ्या चाळीस युनिटच्या बॅटरीला त्या भावानं चार लाखांच्या जरा आत पडतील. म्हणजे पेट्रोल आणि इलेक्ट्रिकमधला सगळा फरक त्या एका पेटीत बसतो. चीनमध्ये ती पेटी याहून बरीच स्वस्त पडते, आणि तिथे २०२४मध्ये प्लगवर चार्ज होणाऱ्या हायब्रिड धरून एक कोटी दहा लाखांवर इलेक्ट्रिक गाड्या खपल्या. साऱ्या जगात मिळून एक कोटी सत्तर लाख. नॉर्वेत त्या वर्षी विकलेल्या शंभर नव्या कारमधल्या ८९ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. आपल्याकडे ४३ लाखांतल्या जेमतेम एक लाख. आपल्या सेलचा मोठा भाग बाहेरून येतो, मोटारीतल्या चुंबकांची दुर्मिळ खनिजंही. एप्रिल २०२५मध्ये चीननं त्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा आपले कारखानदार हवालदिल झाले होते. कारखाने चाकणला आहेत, रांजणगावला आहेत, पण पेटीतला जीव अजून आपला नाही.

इथपर्यंतचं लिहून तीन आठवडे झाले होते. मधल्या काळात माझं एक मत बदललं, ते सांगायला हवं.

आधी माझं म्हणणं होतं की बारा-पंधरा लाखांच्या गाडीत शिशाची बॅटरी घालणं हा कंपन्यांचा कंजूषपणा आहे. टेस्लानं २०२१पासून त्या जागी लिथियमची घालायला सुरुवात केली, इतरांना काय झालं? आता तसं वाटत नाही. लिथियमची असती तर त्या मंगळवारी कराडमध्ये मिळाली नसती. गाडी ट्रकवर चढलीच असती, तीन दिवस गेले असते आणि जे मागतील ते द्यावे लागले असते. ट्रॅक्टरच्या दुकानात मिळते ही शिशाच्या बॅटरीची फार मोठी बाजू आहे. तक्रार उरली ती एवढीच, की गाडीनं सांगायला हवं होतं. आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. ह्युंदाई आणि किया यांनी २०२४मध्ये अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलावल्या त्या याच बारा व्होल्टच्या बॅटरीला भरणाऱ्या भागासाठी; तिथे चालत्या गाडीची ताकद जाण्याचा धोका होता.

नवी बॅटरी अकरा दिवसांत पुन्हा मरेल का, हे मला पाहायचं होतं. रोज रात्री साडेनऊला बॉनेट उघडून मल्टिमीटर लावला. गाडी नेहमीसारखी चालवली की १२.७. एकदा शनिवार-रविवार धरून गाडी सलग सहा दिवस हलवली नाही, कॉलेजला एसटीनं गेले: तिसऱ्या रात्री १२.४, सहाव्या रात्री १२.१. नवी बॅटरी असून! शिशाच्या बॅटरीत १२.१ म्हणजे निम्म्याहून जास्त रिकामी, आणि अशी पुन्हा पुन्हा रिकामी झाली की प्लेटांवर सल्फेट साचून ती कायमची अशक्त होते. काहीतरी रात्रभर गाडीला जागं ठेवत होतं. दिवे बंद, दारं नीट लागलेली. मग लक्ष गेलं ॲपकडे. ॲप उघडलं की गाडीतलं सिमकार्डवालं युनिट जागं होतं, त्याच्याबरोबर आणखी दोन-चार कंट्रोलर जागे होतात, आणि पुन्हा झोपायला त्यांना बराच वेळ लागतो. मी ॲप दिवसातून एकदा उघडते. पण माझ्या मुलाच्या फोनमध्येही ते आहे. तो पुण्यात हॉस्टेलला असतो. विचारलं तर म्हणाला, तू घरी पोचलीस का ते बघतो. संध्याकाळी तीन-चार वेळा, कधी रात्रीही. दिवाळीत आम्ही नागपूरला, तो मित्रांबरोबर पुण्यात, गाडी घरी नीट आहे ना म्हणून दिवसातून कितीदा तरी बघायचा.

त्यानं ॲप काढलं. पुढच्या वेळी सहाव्या रात्री १२.६ होते.

आता मी काय करते ते सांगते. चार दिवसांहून जास्त बाहेर जायचं असेल तर बारा व्होल्टची मायनस वायर सोडून ठेवते. दहा नंबरचा पाना लागतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत हे दिलेलं आहे, तुमच्या गाडीची पद्धत आधी वाचून घ्या. दर महिन्याच्या एक तारखेला मीटर लावते. लोखंडी किल्ली कशी निघते आणि तिचं भोक दाराच्या हँडलमध्ये कुठे लपलेलं असतं, हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवलं आहे. कंपनीला दोन पत्रं लिहिली, की स्क्रीनवर हा एक आकडा दाखवा, गाडीच्या कंट्रोलरला तो माहीत असतोच. पहिल्याला छापील उत्तर आलं, दुसऱ्याला अजून नाही. तिसरं लिहिते आहे.

बाकीचं थोडक्यात. रेंज उन्हाळ्यात एसी लावून २७०, थंडीत २८०, शंभरच्या वर पळवली तर २३०. एलएफपी असल्यामुळे आठवड्यातून एकदा शंभर टक्के करते, नाहीतर टक्क्याचा अंदाज चुकायला लागतो. खंबाटकी उतरताना दोन टक्के परत मिळतात. आवाज नसल्यामुळे अप्पांचा रस्त्यातच डोळा लागतो.

स्टाफरूममधल्या त्या दोघांपैकी एकाला मी परत जाऊन सांगितलं की घ्या. ते उंब्रजहून रोज येतात, घराला पोर्च आहे. दुसऱ्यांना नको म्हटलं ते तसंच ठेवलं. त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पार्किंगला प्लग नाही आणि सोसायटी मीटर बसवू देत नाही. अप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या बुधवारी झालं, गाडीनंच नेलं. निघायच्या आदल्या रात्री मीटर लावला होता. १२.७.