एकटं राहिलं की न जेवणारं कुत्रं: आधी भरवावं, निघताना खाऊ द्यावा की आल्यावर जेवू घालावं?

सकाळी वाटी भरून ठेवायची, संध्याकाळी कुलूप उघडावं तर वाटी जशीच्या तशी. मग आपण चपला काढून जरा बसलो की कुत्रं त्याच वाटीवर तुटून पडतं. ज्यांच्याकडे हे रोज घडतं ते सहसा विचारतात, "खाद्य बदलून बघू का?" खाद्याचाही विचार करायचा आहे, पण त्याआधी जेवणाची वेळ ठरवायला हवी. एकटेपणाची भीती बसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत काय वाढलं यापेक्षा कधी वाढलं आणि तेव्हा घरात कोण होतं, यानेच जास्त फरक पडतो.

माणूस दाराबाहेर पडताच अशा कुत्र्याचं शरीर संकटात सापडल्यासारखं वागू लागतं. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, पचन मंदावतं आणि भूक मरते. समोर उकडलेलं चिकन असलं तरी ते त्याला शिवत नाही. याला नखरे म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. "एक दिवस उपाशी ठेवा, मुकाट खाईल" हा सल्लाही इथे लागू पडत नाही, कारण भुकेवर भीतीने मात केलेली असते. उपाशी ठेवून भीती कमी होत नाही.

मात्र आधी एक गोष्ट तपासा. तुम्ही घरात असतानाही ते नीट जेवत नसेल तर दोष एकटेपणाला देऊ नका. आपल्याकडे गोचीडताप सर्रास होतो आणि त्याचं पहिलं लक्षण अनेकदा अन्नावरून वासना उडणं हेच असतं. दात, हिरड्या, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांचे आजारही असेच सुरू होतात. धडधाकट मोठ्या कुत्र्याने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा. पिल्लू, म्हातारं किंवा मधुमेही कुत्रं असेल, किंवा सोबत उलट्या-जुलाब असतील, तर तेवढंही थांबू नका.

घरातला जुना मोबाइल कपाटावर ठेवून आपण गेल्यानंतरचा व्हिडिओ काढा. ही भीती बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते: दाराशी येरझारा, धाप, लाळ, केकाटणं, चौकट कुरतडणं. पुढचा सगळा निर्णय या व्हिडिओवर अवलंबून आहे.

निघताना खाऊ भरलेलं खेळणं

हा सल्ला सर्वांत जास्त मिळतो. काँगसारखं पोकळ रबरी खेळणं किंवा चाटायची चटई घ्यायची, त्यात दही, उकडलेला लाल भोपळा, चिकनचा खिमा असं काही भरून गोठवायचं आणि निघताना पुढ्यात ठेवायचं. माणूस जातो तेव्हा काहीतरी छान मिळतं, हे कुत्र्याच्या मनात बसावं अशी कल्पना असते. शिवाय चाटण्याने बरीच कुत्री शांत होतात. नुसता कंटाळा येणाऱ्या किंवा थोडंसं बावरणाऱ्या कुत्र्याला याचा खरोखर उपयोग होतो.

भीती खोल असेल तर मात्र अडचणी येतात. काही कुत्री खेळण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. काही घाईघाईने चाटून संपवतात आणि ते संपल्या क्षणी रडू लागतात, म्हणजे भीती फक्त दहा-पंधरा मिनिटं पुढे ढकलली जाते. खाल्लं म्हणजे ते शांत होतं, असं धरून चालू नका. आणि तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते: ते खेळणंच जाण्याची खूण बनतं. फ्रीजर उघडल्याचा आवाज आला की कुत्रं कोपऱ्यात जाऊन बसतं, आणि पूर्वी आवडीने खाल्लेल्या पदार्थापासूनही दूर पळू लागतं.

हा पर्याय आपल्याला चालेल का, हे पारखायला सोपं आहे. सुट्टीच्या दिवशी घरात बसून तेच खेळणं द्या. घरी फस्त करतं आणि एकटं असताना सोडून देतं, तर भीतीच कारण आहे. हा पर्याय सध्या बाजूला ठेवा. घरीही सोडून देत असेल तर आतला पदार्थ बदलून बघा.

पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना, ते बघा. साखरेऐवजी वापरलं जाणारं हे द्रव्य कुत्र्याला विषारी असतं. टॉवेलच्या गुंडाळीत खाऊ लपवण्याचा खेळ तुम्ही समोर असतानाच खेळवा. घाबरलेलं कुत्रं एकटं असताना कापड गिळू शकतं. चामड्याची चघळायची हाडंही त्याच कारणाने एकटं असताना नकोत.

निघण्याआधी निवांत जेवण

बहुतेक घरांना मी आधी हेच सुचवेन. सकाळचा फेरफटका, मग थोडी विश्रांती, मग जेवण, आणि आपण निघायला अजून दीड-दोन तास. कुत्रं शांत असताना खातं, ते पचायला वेळ मिळतो आणि जेवणानंतर एकदा खाली नेऊन आणलं की एकटं असताना शी-शूची अडचणही कमी होते.

यात एक बारकावा आहे. आपण निघणार, हे कुत्र्याला दाराची कडी वाजायच्या खूप आधी कळलेलं असतं. गीझरचं बटण, इस्त्रीचा वास, डबा भरण्याचा आवाज, बॅगेची चेन यांचा क्रम त्याला पाठ असतो. काही कुत्री घरचे आंघोळीला गेले तेव्हापासूनच खाणं सोडतात. म्हणून जेवण या सगळ्याच्या आधी व्हायला हवं. आमच्या घरी तर डबा भरायच्या आधी कुत्रीची वाटी रिकामी झालेली असते.

विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याला हे कसं जमणार? त्याने सकाळी थोडंसं द्यावं आणि दिवसाचा मोठा वाटा संध्याकाळी व रात्री द्यावा. निरोगी मोठं कुत्रं दहा-बारा तास न जेवता राहिलं तर त्याला अपाय होत नाही. पाणी मात्र भरपूर हवं, तेही न उलटणाऱ्या जड भांड्यात.

दिवसभर भरलेली वाटी

याची बाजू मला घेता येत नाही. मार्च ते मे महिन्यांत नागपूर-पुण्याच्या उन्हाळ्यात ओलं खाणं दोन तासांत खराब होऊ लागतं आणि मुंग्या त्याच्याही आधी येतात. कोरडं ठेवलं तरी ते कधी आणि किती खाल्लं गेलं, याचा पत्ता लागत नाही, आणि अशा कुत्र्याच्या बाबतीत तोच हिशोब सर्वांत मोलाचा असतो.

आल्यावर जेवण

दिवसभर उपाशी राहिलेलं कुत्रं आपण आलो की आनंदाने वेडंपिसं होतं. त्याच क्षणी वाटी पुढे केली तर ते हवेसकट अन्न गिळतं आणि बऱ्याचदा ओकून टाकतं. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा मोठ्या आणि खोल छातीच्या जातींत धोका याहून मोठा असतो. एकच भलंमोठं जेवण भसाभस खाणं हे त्यांच्यात जठर फुगून पिळा पडण्याच्या कारणांपैकी एक आहे. पोट टम्म फुगलंय, ओकाऱ्या येतायत पण बाहेर काही पडत नाही, कुत्रं एका जागी ठरत नाही, असं दिसलं तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, थेट दवाखाना गाठा. यात तासातासाने जीवाचा धोका वाढतो.

तरीही हा पर्याय मला टाकाऊ वाटत नाही. धाप ओसरेपर्यंत वीस-तीस मिनिटं जाऊ द्या. दिवसभर लाळ गाळून ते तहानलेलं असतं, म्हणून आधी पाणी, तेही थोडं थोडं. मग खाणं वाटीत न घालता मोठ्या परातीत पसरून द्या, म्हणजे त्याला एकेक दाणा टिपत खावं लागतं. जेवणाचे दोन भाग करा, एक आता आणि दुसरा झोपण्याआधी. जेवल्यावर तासभर धावपळ नको.

दुपारी कुणीतरी येऊन भरवणं

काही कुत्र्यांना एकच विशिष्ट माणूस लागतो, तर काहींना कुणीही माणूस घरात असला की पुरे होतं. तुमचं कुत्रं दुसऱ्या प्रकारातलं असेल तर इतर सगळ्या पर्यायांपेक्षा हा सरस आहे. शेजारच्या आजी, फिरवायला येणारा मुलगा, कामाला येणाऱ्या मावशी, ज्यांना कुत्र्याची मनापासून आवड आहे असं कुणीही चालेल. मावशींना सांगणार असाल तर त्याचे वेगळे पैसे द्या. ते वेगळं काम आहे. वाटी ठेवून लगेच निघून जाण्याने फायदा होत नाही, जेवून होईपर्यंत शेजारी बसायला हवं.

डे-केअरचं, म्हणजे कुत्र्यांच्या पाळणाघराचं, आधी सांगता येत नाही. काही कुत्री तिथे चारचौघांत आनंदाने जेवतात, काही त्या गोंगाटात पाण्यालाही तोंड लावत नाहीत. आधी अर्धा दिवस पाठवून बघा आणि डबा घरचाच द्या.

कोरडं खाद्य की घरचं?

कोरडं खाद्य मोजून देता येतं आणि चांगल्या प्रतीचं असेल तर त्यात सगळे घटक असतात. त्याचा वास मात्र मंद असतो. घरच्या चिकन-भाताच्या वासाने कुत्रं लगेच जवळ येतं, पण रोज तेवढंच दिलं तर कॅल्शियम आणि इतर बरंच काही कमी पडतं. दूध-पोळीवर कुत्रं वाढवण्याची आपल्याकडची पद्धत तर यासाठी अगदीच अपुरी आहे: प्रथिनं कमी, आणि वयाने मोठ्या बऱ्याच कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. भीतीने त्यांचं पोट आधीच बिघडलेलं असू शकतं.

मी कोरडं खाद्य मुख्य ठेवून त्यावर चिकन उकडलेलं कोमट पाणी घालेन. त्यात कांदा, लसूण, मीठ, मसाला काहीही नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना घातक असतात. कोमट केल्याने वास दरवळतो आणि मंद भूक बरेचदा तेवढ्यानेच जागी होते. वरून घातलेल्या गोष्टी दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांत राहू द्या. २० किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १,००० ते १,१०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे एका उकडलेल्या अंड्यातच बराचसा वाटा संपतो. आणि रोज नवा पदार्थ पुढे करू नका. नकार दिला की अधिक चांगलं मिळतं हे कुत्रं पटकन शिकतं, मग भीतीमुळे न खाणं कुठलं आणि वाट बघत न खाणं कुठलं, हे ओळखू येईनासं होतं. खाद्य बदलायचंच असेल तर आठवडाभरात हळूहळू बदला.

औषध सुरू झाल्यावर

वजन घटत असेल, कुत्रं स्वतःला इजा करून घेत असेल, तर केवळ जेवणाच्या वेळा बदलून भागणार नाही. अमेरिकेत कुत्र्यांच्या याच त्रासासाठी क्लोमिप्रामीनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटीनला २००७ मध्ये मान्यता मिळाली, दोन्हींना प्रशिक्षणाच्या जोडीने. यांचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. भुकेच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे. फ्लुओक्सेटीनने सुरुवातीला काही कुत्र्यांची भूक आणखी कमी होते. क्लोमिप्रामीनने उलटी होऊ शकते, म्हणून ते थोड्या खाण्यासोबत देतात. ज्याचं वजन आधीच उतरलंय, त्याच्यासाठी हा मुद्दा डॉक्टरांशी उघडपणे बोला. भूक घटली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि घरातल्या कुणाची गोळी तर कुत्र्याला कधीच देऊ नका. भूक वाढवणाऱ्या टॉनिकवर माझा भर नाही, कारण भीती तशीच राहते.

डॉक्टरांकडे जाताना व्हिडिओ न्या आणि एका वहीत रोजचं जेवण लिहून न्या: किती वाजता दिलं, किती खाल्लं, तेव्हा घरात कोण होतं, आणि महिन्याला वजन किती भरलं. एकटं राहण्याचा सराव सुरू केल्यावरही ही वही चालू ठेवा. दोन-चार मिनिटं बाहेर जाऊन परत आल्यावर कुत्रं शांतपणे खात असेल तर वेळ किंचित वाढवा. पुन्हा वाटी सोडून दाराशी जाऊन बसलं, तर आदल्या टप्प्यावर या.