पापण्यांसाठी थर्माज एफएलएक्स: बारीक सुरकुत्यांवर चांगले, लोंबत्या कातडीवर नाही

पापणीची कातडी सैल आणि चुरगळल्यासारखी दिसू लागली असेल, तर थर्माज एफएलएक्स या रेडिओलहरींनी त्वचा तापवून घट्ट करणाऱ्या मशीनची ०.२५ चौरस सेंटीमीटरची आय टिप (पापणीवर टेकवायचे छोटे टोक) उपयोगी पडते. पण पापणीची घडी पापण्यांच्या केसांवर उतरली असेल, डोळ्यांखाली चरबीच्या पिशव्या असतील किंवा पापणी उचलणारा स्नायूच सैलावला असेल, तर यावर पैसे घालू नका. तिथे शस्त्रक्रियाच लागते.

मशीन मोनोपोलर आहे, म्हणजे वीज टिपमधून शरीरात जाते आणि दूर लावलेल्या पॅडमधून परत येते; लहरी ६.७८ मेगाहर्ट्झच्या. त्यासाठी पाठीवर हे रिटर्न पॅड चिकटवतात. टिपमधून गार वायूचा फवारा वरची त्वचा सांभाळतो आणि उष्णता खालच्या थरात जाते. तिथले कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारे प्रथिन) आकसते आणि पुढे नवे तयार होते. म्हणून खरा फरक दोन ते सहा महिन्यांत दिसतो. दुसऱ्याच दिवशी दिसणारा ताठपणा बराचसा सुजेचा असतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट डोळ्यातल्या शील्डची, म्हणजे बुबुळ झाकणाऱ्या कवचाची. थेट पापणीवर काम करायचे तर आधी भुलीचे थेंब, मग वंगण लावलेले प्लॅस्टिकचे कॉर्निया शील्ड पापणीच्या आत बसवलेच पाहिजे. लेझरला वापरतात ते धातूचे शील्ड इथे चालत नाही. धातू वीजवाहक असतो. शील्डशिवाय "फक्त कडेकडेने करू" असे कोणी म्हणाले तर सरळ उठून यावे. शील्ड काढल्यावर मलमामुळे काही वेळ धूसर दिसते, तेव्हा गाडी चालवायला सोबत कोणीतरी न्या.

भाजण्याची कारणे बहुधा दोन: कपलिंग द्रव (टिप आणि त्वचा यांच्यामध्ये लावतात तो) सुकलेला, किंवा टिप तिरकी टेकलेली. पापणी वळणदार असल्याने दुसरी चूक सहज होते. पूर्वी जास्त ऊर्जेचा एकच फेरा देत, त्यातून चरबी विरघळून खळगे पडत. आता कमी ऊर्जेचे अनेक फेरे देतात. त्यामुळे गुंगीचे औषध नको. चटका किती बसतो हे तुम्ही सांगितल्यावरच डॉक्टर पातळी ठरवतात.

टिप एकदाच वापरायची असते. सीलबंद खोका तुमच्यासमोर उघडायला सांगा, संकोच करू नका. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर (हृदयाचे बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने सावरणारे यंत्र) असेल तर हा उपचार नाही. डोळे कोरडे पडत असतील किंवा नुकतेच लेसिक (चष्म्याचा नंबर घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया) झाले असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.